गंजीपासनं सात पावलं

मी जेसीबीच्या बकेटचे दात जमिनीला टेकवले की अर्ध्या तासात अंकुशआण्णा तिथं हजर. शेततळं असो, संडासाचा खड्डा असो, नाहीतर कुणाची मेलेली म्हैस पुरायची असो. त्यांना निरोप कोण देतं हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही. डोक्याला टॉवेल, हातात दीड हाताची लोखंडी सळई, बगलेत गव्हाची चाळणी. येतात ते थेट बकेटच्या पुढ्यात येऊन दोन्ही हात आडवे करून उभे राहतात.

"दमानं रे संत्या, दमानं. कावून एवढ्या जोरानं हाणायलास?"

मग मी मशीन बंद करायचं. आण्णा खड्ड्यात उतरणार, सळई चार ठिकाणी खुपसून बघणार, काढलेल्या मातीतल्या दोन-चार ओंजळी चाळणीत घेऊन चाळणार आणि उरलेला एकेक खडा बोटानं उलटून बघणार. काही नाही असं पटलं की कपाळावरचा घाम पुसून म्हणणार, "न्हाई. हितं न्हाई. हाण आता." आणि बाजूला होणार. बाजूला म्हणजे किती, तर दोन हात.

या दोन हातांनी माझं रक्त आटवलं आहे. मशीनवर बसलेल्याला वरून सगळं दिसतं असा लोकांचा समज असतो. तसं काही नसतं. बकेट खाली गेली की तिच्या पलीकडं माणूस आहे की बाभळीचं खोड, काही कळत नाही. एकदा दांडा ओढला की थांबवेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. माझी बायको रोज सकाळी डबा हातात देताना "आण्णांकडं ध्यान ठेवा" एवढंच म्हणते. मी खेकसतो, की हा म्हातारा एक दिवस मरणार आणि मला जेलात घालून मरणार. खेकसतो खरा, पण ती सगळी भीती असते.

मी संतोष. शिरूर कासारपासून थोडं आत आमचं गाव. इतिहास घेऊन बी.ए. केलं, नोकरी काही लागली नाही, मग मशीनवर बसलो. मित्र म्हणतात, तू फार लांब गेला नाहीस, तेव्हाही जुनंच उकरत होतास. आण्णा माझे शेजारी. दोघांच्या घरांत एक बोळ, इतकंच अंतर. त्यांना म्हातारा म्हणालो, पण ते पन्नाशीच्या थोडेच पुढं असतील. रोज भिणारा माणूस लवकर म्हातारा होतो, त्यातला प्रकार.

आणि भिण्याला काही धरबंध? बोअरची गाडी गावात शिरली की आण्णांच्या अंगात कणकण येते. रस्त्याच्या कडेला कुणी चुन्याची रेघ मारताना दिसलं की हे त्या रेघेच्या मागं मागं, ती कुठवर जाते ते बघत. अनोळखी नंबरवरून फोन आला तर वाजता फोन दोन बोटांत धरून बोळ ओलांडून माझ्याकडं आणतात. "बग रे, कोण हाय. काय उकरायचं म्हनतंय का?" फोनवाली बाई कर्ज पाहिजे का विचारत असते.

सगळ्यांत मोठी भीती मुक्कामाची. आण्णा गावाबाहेर रात्र काढत नाहीत. परळीला मावसभावाचं लग्न होतं, तर पहाटेच्या एसटीनं गेले, पहिली मंगलाष्टका ऐकली आणि हातातल्या अक्षता शेजाऱ्याच्या हातात देऊन परतीच्या गाडीला निघाले. जेवले वाटेतल्या एका फाट्यावर, भजी. स्वतःचं लग्न केलं नाही ते का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "लगीन झालं की सासुरवाडीला मुक्कामाला जावं लागतंय." मी हसलो. ते हसले नाहीत.

याच भीतीचा गावाला मात्र उपयोग होतो. दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. मुकादमाचे ट्रक येतात, भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या वर चढतात आणि चार दिवसांत गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडतात. जाताना लोक घराची किल्ली आण्णांकडं देतात. हा माणूस काही केल्या गाव सोडणार नाही याची खात्री जी असते. मग सहा महिने आण्णा कमरेच्या करदोड्याला किल्ल्यांचा जुडगा अडकवून फिरतात. रोज सकाळी प्रत्येक कुलूप ओढून बघतात, आणि शेवटचं ओढून झालं की पहिलं नीट ओढलं होतं का, या धास्तीनं परत पहिल्याकडं जातात.

चालणंही विचित्र. माणूस चांगला सहा फुटी, पण पावलं टाकणार टीचभर. त्यातून नादात असले की तोंडातल्या तोंडात पुटपुटणार, "गंजीपासनं सात. उगवतीला सात." सात झाली की थांबणार, खाली बघणार, मान हलवणार आणि पुढं जाणार.

एवढं सगळं केल्यावर गाव गप्प कसं बसेल? सळई, चाळणी आणि पावलं मोजणं. गावानं निकाल लावून टाकला की आण्णाच्या बापानं कुठंतरी धन पुरलंय आणि याला जागा आठवत नाही. पारावरची मंडळी तर हंडा किती मोठा होता तेही सांगायची. हे इतकं पसरलं की गेल्या उन्हाळ्यात बाहेरगावचे दोघे जण जीप घेऊन आले.

मी तेव्हा ओढ्याकडेला शेततळं खोदत होतो. भर दुपार. आण्णा नुकतेच "हितं न्हाई" म्हणून दोन हात बाजूला झाले होते. जीपमधून पांढऱ्या कपड्यांतले दोघे उतरले. एकाच्या पिशवीत लिंबं आणि हळद दिसत होती, दुसऱ्याच्या दिसण्यातच काहीतरी असं होतं की मी मशीन बंद केलं नाही, चालूच ठेवलं. आण्णांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. बघता बघता ते माझ्या केबिनमध्ये चढले आणि सीटच्या मागं गुडघे पोटाशी घेऊन बसले. सहा फुटी माणूस त्या बोळकांडीत कसा मावला देव जाणे.

"आण्णा, भिऊ नका," पिशवीवाला खालून म्हणाला. "विधी आमचा, जागा तुमची. अर्धं अर्धं करू."

"काय न्हाई हो माझ्यापाशी," सीटच्या मागून आवाज आला.

"मग सळई घेऊन कावून हिंडता?"

आण्णांनी सीटच्या मागून डोकं वर काढलं. मग अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, "माझी माणसं हायती खाली. अकरा जण हायती."

पिशवीवाल्यानं दुसऱ्याकडं बघितलं. दुसऱ्यानं पायाखालच्या जमिनीकडं बघितलं आणि एक पाऊल उचलून जरा बाजूला ठेवलं. मग दोघंही काही न बोलता जीपकडं गेले, जरा भराभरच. जाताना लिंबांची पिशवी राहिली ती राहिलीच.

त्यांचं भूत उतरलं, पण माझ्या मानगुटीवर बसलं. अकरा माणसं? बारा वर्षं मी या गावात रोज जमीन फाडतोय. इतिहास घेऊन बी.ए. झालेला माणूस, जमिनीखाली काय काय असतं ते मला वाचून ठाऊक. पुढचे चार-पाच दिवस बकेट वर आली की मी आधी डोळे मिटायचो. पांढरा दगड दिसला तरी मशीन बंद करून बघायचो. शेवटी राहवेना. एका सकाळी बोळ ओलांडून त्यांच्याकडं गेलो. आण्णा शेळ्यांना पाला टाकत होते. म्हटलं, "आण्णा, सरळ सांगा. कोण अकरा माणसं? कुणी मारली?"

"कोन मारतंय त्यान्ला?" आण्णा म्हणाले. "एवढी एवढी तर हायती." आणि त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात बोटाच्या पेराएवढी जागा दाखवली.

झालं ते असं होतं. आण्णा आठ-नऊ वर्षांचे असताना आईबापाबरोबर ऊसतोडीला जात. तेव्हा फडावरच्या दुकानात चहापत्तीचा लहान पुडा मिळायचा आणि त्यात एक प्लॅस्टिकचा खेळाडू निघायचा. लाल, पिवळा, हिरवा, जो निघेल तो. पोरगं सगळ्या कोप्यांवर फिरायचं. ऊसतोड्यांच्या त्या उसाच्या पाचटाच्या खोपटांत कुणी पुडा फोडणार असं कळलं की हे दारात उभं. दोन हंगामांत अकरा जमले. अकरा वेगवेगळे.

"पर कुनाला ठाव नव्हतं ते काय खेळायलेत," आण्णा म्हणाले.

मुकादमाच्या रेडिओमुळं क्रिकेटवाला तेवढा ओळखू आला. बाकीच्यांना फडानं आपापली नावं दिली. हॉकीवाला गुराखी ठरला, काठी होती ना. टेनिसवाला भजी तळणारा, हातात झारा दिसतोय म्हणून. थाळी फेकणारा तो ताट घेऊन जेवायला मागणारा. गोळाफेकवाल्यानं गोळा मानेशी धरलेला, त्याचं नाव कानदुख्या. मुष्टियोद्ध्याच्या हातांना गुंडाळलेलं बघून बायका हळहळल्या, की बिचाऱ्याचे हात भाजले. धावणाऱ्याच्या मागं कुत्रं लागलं होतं. फुटबॉलवाला लाथाड्या, भालेवाला शिकारी. वजन उचलणारा आण्णांच्या बापाचा लाडका. बाप म्हणायचा, "ह्यो आपला. मोळी उचलायलाय बग."

आणि एक पोहणारा होता. आडवा, पालथा, एक हात पुढं केलेला. आमच्या या कोरड्या तालुक्यातल्या माणसानं पोहणारा माणूस कशाला बघितलेला असतोय. सिंदफणेत बाराही महिने वाळू. तेव्हा तो निजलेला ठरला.

"त्यो मंदाचा," आण्णा म्हणाले. "माझी बहीन. पाच वर्साची व्हती. त्याला चिंधीत गुंडाळून निजवायची. दुसऱ्या कुनाला हात लावू देत नव्हती."

मी इतका हसलो होतो की डोळ्यांत पाणी आलं होतं, कानदुख्याचं तर मला फारच आवडलं. आण्णाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. पुढचे दोन दात नाहीत हेही मला तेव्हाच कळलं.

मग ते पुरले कशासाठी? त्या काळी ऊसतोडीला निघताना लोक तांब्या-पितळेची भांडी परसात पुरून जायचे. मागं घर सांभाळायला कोण असणार? बापानं हंडा-कळशी पुरली, ते बघून पोरानंही आपला ऐवज पुरला. लिमलेटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, त्यात अकरा जण, वरून खताच्या पिशवीचा कागद बांधलेला. आणि जागा चुकू नये म्हणून खूण धरली. घरामागं नव्या कडब्याची गंजी रचलेली होती, घराएवढी उंच. गंजीपासून उगवतीला सात पावलं. पोराला वाटलं, एवढी मोठी गंजी कुठं जातीय?

उन्हाळ्यात परत आले तर गंजी नव्हती. चुलत्याच्या जनावरांनी खाऊन संपवली होती.

"समदं रान सपाट, संत्या. कुठून मोजू?" आण्णा म्हणाले. "परसातल्या कडूलिंबाजवळ व्हती गंजी, असं बाप म्हनायचा. तिथं उकरलं, न्हाई गावलं. त्याच साली परसातली माती लोकांनी ओट्यात भरायला, घरावर टाकायला नेली. आता त्या मातीत माझी डबी कुनाच्या घरी गेली, कुनाला ठाव?"

म्हणून सगळ्या गावाची माती चाळायची. म्हणून प्रत्येक खड्ड्यात सळई. आणि टीचभर पावलं कशाला, तेही कळलं. नऊ वर्षांच्या पोराचं पाऊल हरवू नये म्हणून हा माणूस चाळीस वर्षं ते घोटत होता.

हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. महिना-दीड महिना झाला असेल, आणि पाण्याच्या पाइपलाइनचं काम आलं.

ठेकेदारानं खुदाई मला दिली. चुन्याची रेघ मारली गेली ती आण्णांच्या बापाच्या जुन्या घरामागून, थेट चुलत्याच्या गोठ्यातून. गोठा चाळीस वर्षांचा, पडायला आलेला, चुलता केव्हाच वारलेला. त्याच्या पोरांनी पत्रे काढून नेले आणि जागा मोकळी करून दिली. छातीएवढी खोल चारी, सलग, तीन दिवसांत संपवायची. ठेकेदाराचा माणूस दिवसातून चार वेळा फोन करायचा.

आदल्या दिवशी दुपारी आण्णा माझ्या घरी आले. सळई नाही, चाळणी नाही, डोक्याला टॉवेल नाही. दोन दिवस जेवले नसावेत. उंबऱ्याशीच बसले.

"उद्या तू हानशील. छातीभर खोल. त्यात डबी असली तर तिचा चुरा व्हईल, आन मातीबरोबर जाईल. मंग मी काय चाळू?"

मला कसा राग आला कोण जाणे. ठेकेदाराचा फोन नुकताच झाला होता. मी म्हणालो, "आण्णा, बस करा आता. प्लॅस्टिकच्या बाहुल्या त्या. दहा रुपयांत डझनभर आणून देतो बाजारातून. तुमच्यापायी माझ्या हातून खून व्हायची वेळ येते रोज."

आण्णा थोडा वेळ उंबऱ्यावर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "मला बाकीचे नकोत. निजलेला पाहिजे."

आणि त्यांनी उरलेलं सांगितलं. निघायच्या आदल्या रात्री मंदा मागं लागली होती, की माझा निजलेला मला दे, मी नेते. आण्णा म्हणाले, न्हाई, हरवशील, परत आल्यावर काढून देतो. सकाळी डबा हलवून बघितला, वाजला, पुरून टाकला. मंदा काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर आईनं तिला दोन धपाटे घातले, कारण डाव्या हातातली काचेची बांगडी नव्हती. फुटली म्हणाली आणि गप्प बसली. फडावरही गप्पच. एक मूठ गालाखाली घेऊन कोपीत निजायची. पौषात ताप आला. चार दिवस होता.

"त्या तापात माय म्हनायची, काय पाहिजे माझ्या बाईला? गूळ मागितला. पानी मागितलं. निजलेला मागितला न्हाई. एकदाबी न्हाई, संत्या." आण्णांचा आवाज अगदी साधा होता. "माझ्यावर रुसली व्हती. रुसूनच गेली. बांधाला पुरली तिला, आन दुसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्या फडावर गेली. कोनी मागं थांबलं न्हाई. मीबी न्हाई."

माझी बायको आतून ऐकत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला होता. मला माझ्या दहा रुपयांची अशी लाज वाटली की जमीन फाटली तर बरं. जमीन फाडणाराच मी, पण ते काही सुचलं नाही. मी म्हणालो, "उद्या सकाळी सात वाजता या. चाळणी आणा."

सकाळी मी दाताची बकेट काढून सपाट बकेट लावली. तिनं चारी होत नाही, माती खरवडता येते, दोन-दोन बोटं. गोठ्याच्या जागेपासून सुरुवात केली. इतक्या वर्षांत मी कधी एवढा घाबरून मशीन चालवलेलं नाही. दांड्यावरचा हात घामानं घसरत होता. आण्णा पुढ्यात उभे नव्हते, मी त्यांना लिंबाखाली बसवलं होतं, तरी दर वेळी बकेट टेकवताना मला वाटायचं, आता काहीतरी मोडल्याचा आवाज येणार. ठेकेदाराचा फोन वाजत होता. मी तो सीटखाली टाकून दिला.

गोठ्याची माती दीड हात खरवडली आणि खाली दगड लागले. आधी वाटलं गोठ्याचीच फरसबंदी. पण गोठा उत्तर-दक्षिण होता आणि हे दगड तिरके गेले होते, लांबट पट्ट्यात, सुटे, एकाच थराचे. मी मशीन बंद केलं. असे दगड कोण कशाला पसरतो हे गावात वाढलेल्या कुणालाही कळतं. कडब्याला वाळवी लागू नये म्हणून गंजीखाली दगडांचा थर देतात.

"आण्णा," मी हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "गंजी लिंबाजवळ नव्हती. हितं व्हती."

गंजी खाल्ली गेली आणि चुलत्यानं त्याच जागेवर माती भरून गोठा बांधला. चाळीस वर्षं त्यावर म्हशी उभ्या होत्या.

आण्णा आले. दगडांच्या उगवतीच्या कडेला उभे राहिले. पायातल्या चपला काढल्या. आणि मोजायला लागले. पाऊल टाकायचे, थांबायचे, दुसरं टाकायचे. चौथ्या पावलाला ते अडखळले, तेव्हा मी जाऊन दंड धरला. सात झाली. ते खाली बसले. मी मशीनला हात लावला नाही, घरून खुरपं आणलं होतं. नऊ वर्षांचं पोरगं किती खणणार? हातभर खाली खताच्या पिशवीचा कागद लागला.

डब्याचा पत्रा गंजून पापुद्रे झाला होता. हात लावला तसा सुटला. आत मात्र सगळे जसेच्या तसे. प्लॅस्टिकला काय होतंय. आण्णांनी एकेक उचलून टॉवेलवर उभा केला. गुराखी. कानदुख्या. भजी तळणारा. मोळीवाला. मी हसत होतो की रडत होतो मला ठाऊक नाही. लाथाड्या, शिकारी, ताटवाला, क्रिकेटवाला, कुत्रं लागलेला, हात भाजलेला.

दहा.

आण्णांनी परत मोजले. खड्ड्यात हात घातला, माती चाळली, परत चाळली. "निजलेला न्हाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आज हा माणूस इथंच जातोय, आणि मी बकेटखाली नाही, खुरप्यानं मारला त्याला. मी डब्याचं बूड उचललं, गंज झटकला. बुडाला काहीतरी चिकटलं होतं. गोल, हिरवं. बोटानं पुसलं.

काचेची बांगडी. अख्खी. माझी तीन बोटंही तिच्यातून नीट जात नव्हती.

आण्णांनी ती माझ्या हातातून घेतली. उन्हाकडं धरली. फिरवून फिरवून बघितली. मला ती नुसती बांगडी दिसत होती.

"मायनं हिच्यापायी तिला मारलं," ते हळू म्हणाले. "फुटली म्हनली." आणि मग एकेक शब्द जसा काही वजनाचा असावा तसं, "रातीच हिला डब्यात टाकून त्याला घेऊन गेलती ती. डबा हलका लागू नये म्हनून. संत्या, तिच्या मुठीत व्हता त्यो. तिच्यापाशीच व्हता."

बांगडीवरची उरलेली माती त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसली.

"म्हनून मागितला न्हाई," आण्णा म्हणाले. "रुसली नव्हती रे."

दहा जणांना त्यांनी टॉवेलात बांधलं, बांगडी सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि उठून चालू लागले. दोन हात नाही, पार लिंबाच्याही पलीकडं. पाठ माझ्याकडं. तिकडूनच म्हणाले, "हाण आता." चाळणी खड्ड्यापाशीच राहिली. ती मी उचलून केबिनमध्ये ठेवली, आणि खूप वेळ दांड्याला हात लावला नाही. लावला तेव्हा आधी पलीकडं कुणी नाही ना, ते खाली उतरून बघून आलो. ही सवय आता माझी.

पाइपलाइन झाली. दसरा झाला. मुकादमाचे ट्रक आले आणि गेले. चौथ्या दिवशी सकाळी आण्णा बोळ ओलांडून आले. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी. करदोड्याचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी माझ्या हातात दिला.

"हे कुठं निघालात?"

"एसटीनं जातो. कारखान्याच्या अलीकडं उतरायचं, कालव्याची कड धरून. बांध आठवतोय मला." खिसा चाचपून बांगडी आहे ना ते बघितलं. मग परत एकदा बघितलं. "शेळ्यान्ला पानी दाव. कुलपं ओढून बग, दोनदा ओढ."

"पण संध्याकाळी परत यायला गाडी मिळायची नाही, आण्णा."

"येत न्हाई संध्याकाळी," आण्णा म्हणाले. "एक रात ऱ्हातो मंदापाशी."